कातारी आणि काटवट

दिवाळी जवळ आली की घराघरांतले माळे रिकामे होऊ लागतात. वर्षभर जे कोणाच्या दृष्टीस पडलेले नसते ते एका दिवसात अंगणात येऊन पडते, आणि घरातली वडील माणसे व तरुण माणसे यांच्यात त्यावरून एक छोटेसे युद्ध जुंपते. वडील म्हणतात, "असू द्या." तरुण म्हणतात, "टाकून द्या." या युद्धात बहुधा तरुणांचाच जय होतो. १९९४ सालच्या दिवाळीत आमच्या तासगावच्या घरी असाच एक जय मी मिळवला. आज मी जो इतिहास सांगणार आहे त्याचे मूळ त्या जयात आहे. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

त्या वर्षी धनत्रयोदशीला आमच्या घरी स्टीलची मोठी परात आली. आरशासारखी लखलखीत. साहजिकच चुलीमागच्या भिंतीला टेकून उभी असलेली आजीची काटवट एकदम जुनाट दिसू लागली. आमच्या सातारा-सांगलीकडच्या वाचकांना काटवट म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. भाकरीचे पीठ मळण्याचे, आणि भाकरी थापण्याचेही, ते लाकडी भांडे. परातीहून खोल, वाडग्याहून उथळ, एका अखंड लाकडातून काढलेले. आजीची काटवट चांगली हातभर रुंद होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळहातांनी आतली बाजू अशी गुळगुळीत झाली होती, की कोरड्या हातालाही ती तेलकट लागे. मात्र तिच्या काठाला एक चीर गेली होती. आजी तीत मेण भरायची.

नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवण्याचे काम माझ्याकडे असे. शेणकुटे ओली निघाली. मी आजूबाजूला पाहिले, काटवट उचलली, कुऱ्हाडीने तिचे चार तुकडे केले आणि बंबात घातले. लाकूड फार वाळलेले होते. लगेच धडाडून पेटले. मला माझ्या हुशारीचे कौतुकच वाटले. आजी अभ्यंगाला आली, तिने बंबाच्या तोंडाशी उरलेला एक तुकडा पाहिला. बोलली काहीच नाही. त्या दिवशी भाकरी करताना नवी परात फरशीवर गरगर फिरू लागली, तेव्हा ती आईला म्हणाली, "खाली ओलं फडकं घाल गं, म्हंजी फिरायची न्हाई." एवढेच. पुढे दोन वर्षांनी आजी गेली.

कुऱ्हाडीचा घाव घालण्यापूर्वी मी ती काटवट पालथी केली होती. तिच्या बुडावर एकात एक अशी बारीक वर्तुळे होती, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, आणि बरोबर मधोमध एक खोलगट टिंब होते. ते मी पाहिले होते. पण त्याचा अर्थ कळायला मला पुढची पंचवीस वर्षे लागली.

मी मॅट्रिकनंतर चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा करून शाळेत चित्रकला आणि हस्तव्यवसाय शिकवू लागलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. इतिहासाचा पंडित मी नव्हे. पण कादंबरीकाराला एक खोड असते : गोष्टीतला माणूस कोण, हे कळल्याखेरीज त्याला झोप येत नाही. त्या वर्तुळांमागचा माणूस कोण, असा प्रश्न मला उशिरा का होईना पडला. त्याचे उत्तर असे, की ती काटवट सुताराने वाकसाने कोरलेली नव्हती. कोरलेल्या लाकडावर घावांचे लहान लहान पैलू दिसतात. अशी वर्तुळे उठत नाहीत. ती कातलेली होती, म्हणजे लाकूड स्वतःभोवती फिरवून आणि त्यावर हत्यार धरून काढलेली होती. हे काम करणाऱ्याला आपल्या भाषेत कातारी म्हणतात.

हा शब्दच मोठा बोलका आहे. संस्कृतात 'कृत्' नावाचे दोन धातू आहेत. एकाचा अर्थ कापणे, दुसऱ्याचा अर्थ सूत कातणे. आपली कातर पहिल्यातून आली, चरख्यावरचे कातणे दुसऱ्यातून. कातारी मात्र दोघांच्या मध्ये उभा आहे : तो फिरवतोही आणि कापतोही. आपण सहज बोलून जातो, की अमक्याचा चेहरा कातीव आहे. बोलताना आपल्या मनात त्या कारागिराची आठवणही नसते. पण ती उपमा त्याच्याच ओट्यावरची आहे.

या यंत्राला संस्कृतात 'भ्रम' असे नाव आहे. फिरते ते भ्रम. पुराणांत याची एक सुंदर कथा आहे आणि दिव्यांच्या सणाला ती सांगण्यासारखी आहे. विश्वकर्म्याची कन्या संज्ञा सूर्याला दिली होती. नवऱ्याचे तेज तिला सोसवेना. आपली छाया मागे ठेवून ती निघून गेली. पुढे सारा प्रकार उघडकीस आल्यावर विश्वकर्म्याने जावयाला या भ्रमावर चढवले आणि त्याचे तेज तासून कमी केले. विष्णुपुराण सांगते, की त्याने फक्त आठवा हिस्सा काढला. आणि त्या तासलेल्या तेजातून विष्णूचे चक्र, शंकराचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती अशी आयुधे घडवली. कालिदासानेही रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवराला आलेल्या अवंतीच्या राजाचे वर्णन करताना चक्रावर चढवून उजळलेल्या या सूर्याचीच उपमा दिली आहे. कथा रचणाऱ्याने कातारी काम करताना जवळून पाहिला असला पाहिजे, यात मला शंका नाही. कारण कातारकामात वस्तू घडते ती काही जोडून नव्हे, तर जास्तीचे काढून. आणि काढलेला कीसही वाया जात नाही.

पण पुराणातला कातारी देव आहे. माणूस कातारी सापडतो तो पाली वाङ्मयात. सतिपट्ठानसुत्त हे बौद्धांचे ध्यानाविषयीचे प्रसिद्ध सुत्त. त्यात साधकाने श्वासाकडे कसे लक्ष ठेवावे हे सांगताना भगवान बुद्धांनी दृष्टान्त दिला आहे तो कुशल भमकाराचा, म्हणजे कातारी कारागिराचा. तो लांब ओढ घेतो तेव्हा आपण लांब ओढ घेत आहोत हे त्याला ठाऊक असते, आखूड घेतो तेव्हा आखूड घेत आहोत हे ठाऊक असते. साधकानेही श्वास तसाच जाणावा, असा त्याचा आशय. दृष्टान्त नेहमी घरोघरी माहीत असलेल्या गोष्टीचा देतात. तेव्हा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या देशात कातारी हा रोजच्या पाहण्यातला माणूस होता, हे उघड आहे. मिसर देशात पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यावर कातकामाचे चित्र आहे. ते ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराचे, आणि जगातले या कामाचे सर्वांत जुने चित्र म्हणून ते ओळखले जाते. त्यातही दोन माणसे आहेत. एक हत्यार धरतो, दुसरा दोरी ओढतो.

हा दुसरा माणूस लक्षात ठेवावा. सुत्तातही कातारी एकटा नाही. कुशल कातारी किंवा त्याचा शिष्य, असे शब्द आहेत. जुने यंत्र अगदी साधे असे. जमिनीत किंवा जड ओंडक्यावर रोवलेले दोन खुंट. दोन्ही खुंटांना समोरासमोर लोखंडी अणकुचीदार टोके. त्या टोकांच्या मध्ये लाकूड पकडायचे. लाकडाला दोरीचे किंवा कातडी वादीचे एक-दोन वेढे घालायचे. साहाय्यक समोर बसून वादीचे एक टोक ओढी, मग दुसरे. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना हत्यार टेकवायचे, मागे फिरताना किंचित उचलायचे. कारण उलट्या फेऱ्याला लाकूड कापले जात नाही. कातारी जमिनीवर बसे आणि हाताबरोबर पायाच्या बोटांनीही पटाशी स्थिर धरी. लहान कामाला साहाय्यकाऐवजी धनुष्यासारखी कमान चाले, सुताराच्या सामत्यासारखी. पण हातभर रुंद काटवट कमानीने फिरत नाही. तिला दोरी ओढणारे दुसरे माणूस हवेच. दोघांचा श्वास एक झाल्याखेरीज ते काम होत नाही. सुत्तातल्या दृष्टान्ताची खरी गंमत ही आहे.

आमच्या घरातला दुसरा माणूस कोण होता हे मला योगायोगाने कळले. आजी आपल्या आयुष्यातल्या गोष्टींची सनावळी सालांवरून सांगत नसे, घटनांवरून सांगे. ३ सप्टेंबर १९४२ रोजी तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि कचेरीवर तिरंगा लागला, ही तिची एक मोठी खूण. ती काटवट तिने घेतली 'मोर्च्याच्या मागनं दोन-तीन वर्सांनी, रथाला'. आमच्या गणपतीचा रथ निघतो भाद्रपद शुद्ध पंचमीला. मोठमोठ्या दोरांनी माणसे तो लाकडी रथ काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत ओढत नेतात आणि परत आणतात. त्या दिवशी गावात जत्रा भरते. जत्रेत एक कातारी आपला संसार घेऊन यायचा आणि पोळपाट, लाटणी, कुंकवाचे करंडे, भोवरे, पाळण्यावरची खेळणी मांडून बसायचा. लोकांसमोरच कातून दाखवायचा. आजीने माझ्या आईला सांगितले होते, "बाप्या कातायचा आन् बाई दोरी वढायची. पोटुशी हुती बिचारी." आईने ही गोष्ट मला सांगितली तेव्हा आजीला जाऊन वीस वर्षे होऊन गेली होती. म्हणजे मी बंबात घातलेली काटवट एका गरोदर बाईने दोरी ओढून फिरवलेली होती.

आता कोणी विचारील, की एवढा जुना धंदा, मग आपल्या इतिहासात कातारी दिसत का नाही? माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण आपल्या गावगाड्याच्या रचनेत आहे. बारा बलुतेदारांची जी प्रचलित यादी आपण शाळेत पाठ केली, तीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार आहे, कातारी नाही. शेतकऱ्याला नांगर दर वर्षी लागतो, गाडीची दुरुस्ती दर महिन्याला लागते. म्हणून सुताराला खळ्यावर वाटा मिळे आणि गावात त्याचे वतन असे. काटवट एकदा घेतली की दोन पिढ्या पुरते. तिच्यासाठी गाव वर्षभर माणूस पोसत नाही. तेव्हा कातारी शहरात दुकान मांडी, नाहीतर बाजार आणि जत्रा करीत हिंडे. आपल्याकडचे जुने कागद पाहिले तर त्यांत वतनांचे तंटे भरलेले असतात : कोणाचा हक्क, कोणाचा मान, कोणाची हद्द. कातारी त्यात कुठून येणार? वतन नाही म्हणून तंटा नाही, आणि तंटा नाही म्हणून कागद नाही.

कागद नसला तरी काम मात्र जागोजाग दिसते. कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचे बाराव्या शतकातले देऊळ आहे. मिरजेकडून फार दूर नाही. सुटीत मुलांना घेऊन जरूर जावे. तिथल्या स्वर्गमंडपाखाली उभे राहून खांबांकडे पाहावे. दगडी खांबांवर एकाखाली एक अशी वलये आहेत, इतकी सारखी आणि इतकी धारदार, की छिन्नीने ती काढली असे मन मानत नाही. असे खांब चालुक्यांच्या पद्धतीच्या देवळांतून पुष्कळ आहेत आणि ते दगड फिरवून कातलेले असावेत, असे अभ्यासक मानतात. मणामणांचा दगड फिरवायला किती माणसे दोरीला लागली असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. देऊळ कोणत्या राजाच्या काळात झाले ते आपण विचारतो. दोर कोणी ओढले ते विचारत नाही.

जिथे राजाश्रय मिळाला तिथे मात्र हा धंदा टिकला आणि नावारूपालाही आला. सावंतवाडी हे त्याचे उत्तम उदाहरण. सावंत-भोसल्यांच्या संस्थानात चितारी कारागिरांनी लाकडाची फळे, भाज्या, पाट, खेळणी आणि गंजिफा यांची परंपरा जोपासली. तिथल्या चितार आळीत ती अजून पाहायला मिळते. फळे करायला पांगाऱ्यासारखे हलके लाकूड वापरीत. लाखेचा रंग चढवण्याची युक्ती तर पाहत राहण्यासारखी. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते; मग केवड्याचे पान दाबून धरले की तिला आरशासारखी चकाकी येते. ब्रश नाही, विस्तव नाही. गंजिफा मागे पडू लागल्या तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती कला पुन्हा उभी केली.

आमच्या मिरजेची गोष्ट याहून निराळी आणि मला विशेष आवडणारी आहे. तलवारींना धार लावणारे शिकलगार तिथे होते. राज्ये गेली, तलवारी म्यानात गेल्या आणि धार लावून घ्यायला कोणी येईना. तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने तंबोरे-सतारी दुरुस्त करायला आणि मग घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचा भोपळा आणि लाकडाची दांडी यांतून मिरजेचा तंबोरा जन्माला आला आणि देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या वलयदार खुंट्या पाहिल्या की मला कातारी आठवतो. सूर लागतो तो खुंटीवर. आणि टाळ्या मिळतात त्या गळ्याला. पण एक धंदा बुडाला म्हणून हातातली कला बुडत नाही, ती दुसरे घर शोधते, हा धडा मिरजेने दिला.

कातकामानेही असे दुसरे घर शोधले, आणि तेही आमच्याच परिसरात. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. आमचे गणपतीचे देऊळ परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७७९ साली बांधायला घेतले. ते पुरे झाले १७९९ साली. त्याच वर्षी पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ पडले. दक्षिणेच्या धर्तीचे सात मजली गोपूर आमच्या गावात उभे राहत होते, त्याच सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले नावाचा एक लोहार लोखंडाची लेथ पूर्णत्वाला नेत होता. त्याने काय केले? हत्यार माणसाच्या हातातून काढले आणि यंत्राच्या घट्ट बैठकीत बसवले. ती बैठक स्क्रूने पुढे सरकवली. दोन हात थरथरतात, लोखंडी बैठक थरथरत नाही. यामुळे एकसारखे स्क्रू निघू लागले आणि एकसारख्या स्क्रूंतून पुढची सारी यंत्रे. कुठल्या शस्त्राने आपले राज्य गेले याची चर्चा आपण पुष्कळ करतो. मला वाटते, त्या यादीत कातकामाची ही सुधारलेली लेथही घालायला हवी.

ती लेथ आमच्या बाजूला ठाण मांडून बसली शंभर वर्षांनंतर. मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून आलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली, कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर यांचा धंदा करीत होते. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे १९४१ साली हरिहरला याच घराण्याने लेथ यंत्रे बनवण्याचा कारखाना काढला. आमच्या भागातल्या कितीतरी मुलांच्या तोंडी 'टर्नर' हा शब्द आला, तो या कारखान्यांमुळे. टर्नर म्हणजे कातारीच. फक्त लाकडाऐवजी लोखंड कातणारा. आणि मौज अशी, की लोखंडाच्या कारखान्यातही लाकूड कातणाऱ्याची गरज संपली नाही. पुली असो की पंपाचे कवच, ओतकाम करायचे तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा तयार होतो आणि मग त्यात रस ओतला जातो. गोल वस्तूचा नमुना लेथवरच कातावा लागतो. जत्रेतला कातारी गेला. त्याची विद्या ओतशाळेत नोकरीला लागली.

अशाच एका ओतशाळेतून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. पाच वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात आमच्या बांधावरचा आंबा पडला, तेव्हा त्याचा बुंधा वखारीत देण्याऐवजी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मिस्त्री, मला काटवट करायचीय." ते बराच वेळ हसले. मग भंगारातून आणलेले लोखंडी पाट, जुने बेअरिंग आणि अर्ध्या अश्वशक्तीची मोटार यांतून त्यांनी माझ्या पडवीत एक लेथ उभी करून दिली. तिच्यावर बारा इंचांहून मोठे लाकूड फिरत नाही. तेवढ्यावर मी समाधान मानले.

पहिली काटवट फुटली. ओल्या लाकडाची मी एकदम पातळ काढली आणि उन्हात ठेवली. संध्याकाळी तिला आजीच्या काटवटीला होती तशीच, पण आरपार चीर गेली. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. वर्षवलयांच्या दिशेने ते जितके आकसते त्याच्या निम्मेच त्याला छेद देणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून ओल्या लाकडाचे गोल भांडे वाळल्यावर लंबगोल होते किंवा तडकते. यावर उपाय असा, की ओले असताना व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी जाड कड ठेवून भांडे कच्चे काढायचे, म्हणजे बारा इंचांना सव्वा इंच; सावलीत भुशात पुरून काही महिने विसरून जायचे; आणि ते वेडेवाकडे होऊन वाळले की पुन्हा लेथवर चढवून गोल करायचे. दुसरी काटवट वाळली चांगली, पण कातताना पटाशी अडकली आणि ती यंत्रावरून सुटून माझ्या खांद्याला लागून पत्र्यावर आदळली. मिनिटाला सहाशे फेरे धरले तर बारा इंची लाकडाचा काठ ताशी ३४ किलोमीटर वेगाने पळत असतो. शाळेत मुलांना परीघ शिकवणाऱ्या माणसाला हे खांदा सुजल्यावर उमजावे, हे काही भूषण नव्हे.

मिस्त्री आले. म्हणाले, "मास्तर, हत्यार ढकलू नगासा. आधी पटाशीची पाठ लाकडाला टेकवा, मग मूठ हळूच वर उचला. धार आपसूक लागती. लाकूड फिरत येतंय न्हवं तुमच्याकडं? मग तुम्ही कशाला त्याच्या अंगावर जाता?" तिसरी मी आतून खोल काढता काढता बुडालाच भोक पाडले. मिस्त्रींनी तिच्यात कुंडी लावली.

चौथी मात्र साधली. शेवटच्या फेऱ्यांना लाकडाची सलग लांब रिबिनीसारखी ढलपी निघू लागली आणि मोटारीचा आवाज असूनही मला माझा श्वास ऐकू येऊ लागला. तेव्हा मला ते सुत्त समजले असे म्हटले तर पंडित हसतील. म्हणून म्हणत नाही. इतकेच सांगतो, की माझ्यासमोर दोरी ओढणारे कोणी नव्हते. अर्ध्या अश्वशक्तीची मोटार न थकता, एकाच दिशेने फिरत होती. यंत्राने जे दुसरे माणूस दूर केले त्याची सुटका झाली हे खरेच. गरोदर बाईला दोरी ओढायला लावणारा काळ परत यावा असे कोण म्हणेल? पण तिची सुटका झाली तशी तिची आठवणही पुसली गेली, आणि ती पुसण्यात माझाही हात होता. मी काटवट जाळली ती जुनाट लाकूड समजून. ती त्या दोघांची सही होती. कागदावर ज्यांचे नाव नाही त्यांची सही वस्तूवर असते. आणि वस्तू गेली की ते खरोखरीच जातात.

काटवटीला गोडे तेल लावून मी ती गेल्या दिवाळीच्या आदल्या दिवशी आईसमोर ठेवली. आईने ती आधी पालथी केली. बुडावरची वर्तुळे पाहिली, मधल्या टिंबावर बोट ठेवले. मग सुलटी करून तीत ज्वारीचे पीठ घेतले, मधोमध खळगा केला, उकळते पाणी ओतले. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो; त्याला कढत पाण्यानेच धरून ठेवावे लागते. परातीत ते पाणी चटकन निवते, लाकडात निवत नाही. आई मळत होती आणि काटवट फरशीवर जागची हलत नव्हती. खाली फडके नव्हते.

"लहान झाली का गं?" मी विचारले.

"दोन भाकरींचं पीठ बसतंय की," आई म्हणाली. "आता खाणारी माणसं तरी किती हाईत घरात?"

वाचकहो, यंदाच्या दिवाळीत माळा काढाल तेव्हा एवढे करा. लाकडाचे जे काही जुने हाताला लागेल, लाटणे, पोळपाट, करंडा, पांगुळगाड्याची दांडी, पाळण्याचा खूर, ते टाकण्यापूर्वी एकदा पालथे करून उजेडात धरा. बुडाशी किंवा टोकाशी बारीक वर्तुळे आणि मधोमध टिंब दिसले, तर ते मुलांना दाखवा. सांगा, की इथे एक माणूस पटाशी धरून बसला होता आणि समोर आणखी एक माणूस दोरी ओढत होते. मग ठेवायचे की टाकायचे ते तुम्ही ठरवा. आमच्या घरी आता बंब नाही, गॅसवर पाणी तापते. त्यामुळे माझ्या मुलाला तशी हुशारी दाखवण्याची सोयच राहिलेली नाही. तरीसुद्धा नवी काटवट मी चुलीपाशी ठेवलेली नाही. ती आईच्या फळीवर, तिच्या हाताला येईल अशी, पालथी घालून ठेवली आहे.